कालीघाट ते नया: चित्रातून सुटलेल्या गाण्याच्या मागावर

मंगळवार, कालीघाट

दुपारी हावड्याला उतरले, पिवळ्या टॅक्सीने पूल ओलांडला आणि हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात सामान टाकलं. ताईच्या घरी रंगकाम निघालं होतं, म्हणून ही सोय. ताई म्हणजे माझी चुलतबहीण. लग्न होऊन इकडे आली त्याला तीन दशकं उलटून गेली. भांडायचं झालं तर ती अजूनही मराठीतच भांडते, पण मासेवाल्याशी घासाघीस करताना तिचं बंगाली ऐकत राहावं. या प्रवासात ती माझी दुभाषी, शिवाय मी कुठे भारावून गेले तर जमिनीवर आणणारी.

आले होते पटचित्रांसाठी. काही वर्षांपूर्वी मुंबईत, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची आणि कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलची कालीघाट चित्रं एकत्र मांडली होती. कपाळाला टिळा लावून तोंडात कोळंबी धरलेलं ते ढोंगी मांजर तिथेच पहिल्यांदा भेटलं. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळत होता. बंगालचा पटुआ मुळात गाणारा माणूस. लांबलचक पट उलगडत जायचं, एकेका चौकटीवर बोट ठेवायचं आणि कथा गायची. आपल्या पिंगुळीचे चित्रकथी सुटी पानं एकामागून एक पुढे धरत रामायण सांगतात, त्याच गोतावळ्यातला हा प्रकार. मग कालीघाटचं चित्र एकटं कसं? त्याचं गाणं कुठे गेलं?

संध्याकाळी देवळाकडे निघालो. निवासापासून चालत जाण्याएवढंच अंतर. आताचं देऊळ १८०९ साली बांधून झालं. त्याच सुमारास कोलकाता कंपनी सरकारची राजधानी म्हणून फुगत होतं आणि कालीच्या दर्शनाला लोंढे यायला लागले होते. त्या गर्दीच्या वासाने मेदिनीपूर, चोवीस परगणा वगैरे भागांतले पटुआ आपली गुंडाळी काखेत मारून इथे आले. पण शहरातल्या यात्रेकरूला कुठला वेळ? त्याला तासभर बसून मनसेची, म्हणजे मनसा या नागदेवीची, कथा ऐकायची नव्हती. दर्शन झालं, पेढा घेतला, आता घरी न्यायला देवीचं काहीतरी द्या, किंमत पैसा-दोन पैसे. पटुआने मग पट कापला. वीस चौकटींच्या जागी एकच चौकट, गिरणीत तयार झालेला स्वस्त कागद आणि बाजारात मिळणारे पाण्याचे रंग. घरातला एकजण बाह्यरेषा काढी, दुसरा अंगाचा रंग भरी, तिसरा दागिने करी. दागिन्यांना कथिलाचा चंदेरी रंग. पार्श्वभूमी कोरीच, कारण ती रंगवत बसायला वेळ नव्हता.

कोऱ्या कागदावर एका दमात ओढलेली ती गोलाईदार रेषा आज जगभर वाखाणली जाते. मला वाटतं, तिच्या देखणेपणात घाईचा वाटा मोठा आहे. गाणं गेल्यावर सगळं एकाच चित्राने बोलायचं, तेही गर्दीतून जाणाऱ्या माणसाच्या नजरेला दोन क्षणांत. तिथे बारीक कुसर करून उपयोग नव्हता.

देवळाभोवतीच्या दुकानांत हाताने काढलेलं एक चित्र दिसेल तर शपथ. छापील फोटो, प्लास्टिकच्या चौकटी, शंखाच्या बांगड्या, जास्वंदीच्या माळा. तिथून आदिगंगेच्या बाजूला पटुआपाड्यात गेलो. नाव पटुआपाडा, पण पट कुणीच काढत नाही, सगळे मूर्तिकार. सरस्वतीपूजा महिन्या-दीड महिन्यावर आलेली, त्यामुळे गल्लीच्या दोन्ही बाजूंना पेंढ्याच्या बिनडोक्याच्या सरस्वत्या उभ्या होत्या. एक म्हातारेबुवा ओल्या चिंधीने मूर्तीच्या दंडावरून हात फिरवत होते, वरून खाली, एकाच झोकात. कडेला दाबून, मधे हलका.

मी तिथेच थबकले. कालीघाट चित्रांत हातापायांना कडेने गडद आणि मधे फिकट अशी छटा असते. इंग्रज अभ्यासक डब्ल्यू. जी. आर्चर यांनी १९५३ साली ही चित्रं जगापुढे ठेवताना त्या छटेचं श्रेय इंग्रजी जलरंगांच्या प्रभावाला दिलं होतं. पुढे ज्योतींद्र जैन यांच्यासारख्या अभ्यासकांनी हरकत घेतली. हे पटुआ मातीच्या मूर्तीही घडवत, गोलाई त्यांच्या हातातच होती, असं त्यांचं म्हणणं. पुस्तकं वाचून मी दोन्ही बाजूंना मान डोलावली होती. त्या म्हाताऱ्यांचा हात पाहिल्यावर माझा कौल मातीला.

ताईला भूक लागली होती. नोलेन गुळाचा, म्हणजे खजुरीच्या ताज्या गुळाचा, हंगाम सुरू झालेला. पुढचा तास संदेश आणि रसगुल्ला यांना दिला, त्याचा हिशेब इथे देत नाही.

बुधवार, जादूघर

चौरंगीवरच्या इंडियन म्युझियमला कोलकातेकर जादूघर म्हणतात. १८१४ साली स्थापन झालेलं. शाळांच्या सहली ममीपुढे रांग लावून होत्या, त्यामुळे चित्रांपुढे आम्ही निवांत.

खरं सांगायचं तर कालीघाट चित्रं मन भरून बघायची असतील तर लंडनला जावं लागतं. सगळ्यात मोठा संग्रह तिथे, सहाशेच्या वर. त्यातली २३३ चित्रं रुडयार्ड किपलिंगने १९१७ साली दिली. ती जमवली होती त्याच्या वडिलांनी, म्हणजे आपल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवणाऱ्या जॉन लॉकवुड किपलिंगने. ज्या कागदाला बंगालच्या घरांत वाळवी लागली किंवा नवं चित्र आल्यावर जुनं पाण्यात गेलं, तो कागद गोऱ्या साहेबांच्या पेटाऱ्यांत टिकला. याचा राग मानावा की आभार, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

देवादिकांपासून सुरुवात झाली तरी ही चित्रं तिथे थांबली नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्रकाराची नजर देवळातून रस्त्यावर आली. भांग पाडलेला, तकतकीत पंपशू घातलेला, हुक्का ओढणारा बाबू. त्याच्या मानेला दोरी बांधून मेंढरासारखं ओढत नेणारी बाई. झाडूने नवऱ्याला झोडपणारी बायको. वाघाशी झुंजणारा पैलवान. घोड्यावर झाशीची राणीसुद्धा आहे. आपल्याकडे तमाशातल्या वगात गावच्या पाटलाची जी खिल्ली उडवतात, तोच खट्याळपणा इथे कुंचल्यात.

पण ज्या एका प्रकरणाने या चित्रकारांना हातभर काम दिलं ते एलोकेशीचं. २७ मे १८७३. नबीनचंद्र बॅनर्जी हा कोलकात्यात सरकारी छापखान्यात नोकरीला. सोळा वर्षांची बायको एलोकेशी तारकेश्वरजवळ माहेरी. मूल व्हावं म्हणून औषध मागायला तिला तारकेश्वरच्या महंताकडे, माधवचंद्र गिरीकडे, नेलं गेलं आणि महंताने तिच्याशी संबंध ठेवले. नबीन गावी आला, सारं गाव बोलत होतं. त्याने आधी तिला माफ केलं, दोघं पळून जायला निघाले, पण महंताच्या माणसांनी वाट अडवली. मग त्याने बोंटीने, म्हणजे मासे चिरायच्या विळीने, तिचं मुंडकं उडवलं आणि स्वतः पोलिसांत गेला.

खटला गाजला. हुगळीच्या ज्यूरीने नबीनला वेडाच्या भरात केलं म्हणून सोडायचं ठरवलं, न्यायाधीशाने ते मानलं नाही आणि प्रकरण वरच्या कोर्टात गेलं. त्याला जन्मठेप झाली, काळ्या पाण्यावर पाठवला, पण सुटकेसाठी लोकांचे अर्जांवर अर्ज, शेवटी १८७५ मध्ये माफी. महंताला तीन वर्षं सक्तमजुरी आणि दोन हजार रुपये दंड. नाटकं तर निघालीच, पण एलोकेशीच्या नावाच्या साड्या निघाल्या, पानाचे डबे निघाले, विळ्याही निघाल्या! महंत तुरुंगात जी घाणी ओढतो तिच्या तेलातून केलेलं डोकेदुखीचं मलम बाजारात विकलं गेलं.

कालीघाटच्या चित्रकारांनी हे सगळं टप्प्याटप्प्याने काढलं. महंतापुढे पान घेऊन उभी एलोकेशी, नबीनपुढे लोळण घेणारी एलोकेशी, विळी उगारलेला नबीन, तुरुंगात घाणीला जुंपलेला महंत. सुटे कागद, पण ओळीने लावले की चक्क पटच. फक्त गाणारा नाही. गाण्याची गरजही नव्हती, कारण कथा गिऱ्हाईक घरूनच घेऊन येत होतं.

ताई म्हणाली, ‘‘आणि त्या पोरीला कुणी काही विचारलंच नसेल.’’ चित्रांत एलोकेशी नटलेली आहे, कमनीय आहे, रडतेसुद्धा सुंदर. काहींत ती भुलवणारी, काहींत भुललेली. गिऱ्हाईक जसं हवं तसं. लोककला म्हटलं की आपण तिला निरागस ठरवून मोकळे होतो. हा बाजार होता आणि बाजाराला काय खपतं ते या मंडळींना पक्कं ठाऊक होतं.

गुरुवार, चितपूर आणि बालीगंज

सकाळी चितपूर रोडने पायी. इथेच कुठेतरी बटतला, म्हणजे वडाच्या झाडाखालचा छापखान्यांचा बाजार. पंचांगं, प्रहसनं, लाकडी ठशांची चित्रं. आज लग्नपत्रिका, जात्रा म्हणजे लोकनाट्य कंपन्यांची कार्यालयं, ट्रामचे रूळ आणि खड्डे.

कालीघाटच्या पोटावर पाय आला तो या छापखान्यांचा. १८७८ साली कलकत्ता आर्ट स्टुडिओ सुरू झाला आणि दगडी छापाची रंगीत, चकचकीत देवदेवता निघू लागल्या. जर्मनीत छापलेल्या नकलाही येऊन पडल्या. १८९४ मध्ये मुंबईत रवि वर्मा प्रेस निघाला, तो पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. आपल्या आजोळच्या देवघरातली ती शेला पांघरलेली लक्ष्मी आठवा. तिच्या गुळगुळीत गालांपुढे हाताने काढलेली काली कोण घेणार? पटुआने आधी वेग वाढवला, रेषा आणखी कमी केल्या, पण यंत्राशी स्पर्धा करून माणूस किती वेगाने धावणार. निबारणचंद्र घोष आणि कालीचरण घोष ही या परंपरेतली अखेरची नावं. १९३०च्या आसपास कालीघाटचं चित्र संपलं.

संपता संपता ते वरच्या वर्गाच्या नजरेत भरलं. कोलकात्याच्या आर्ट स्कूलचे पहिले भारतीय प्राचार्य मुकुल डे यांनी ही चित्रं जमवली, त्यांच्यावर लिहिलं. आयसीएस अधिकारी गुरुसदय दत्त जिल्ह्याजिल्ह्यांतून पट आणि कांथे, म्हणजे भरतकामाच्या गोधड्या, गोळा करत फिरले. विशेष म्हणजे त्यांनी पटांबरोबर पटुआंची गाणीही उतरवून घेतली आणि ती १९३९ साली कलकत्ता विद्यापीठाने छापली. बाकीचे संग्राहक चित्रं घेऊन गेले, हा माणूस आवाजाच्याही मागे लागला.

दुपारी बालीगंजला जामिनी रॉय यांचं घर बाहेरून पाहिलं. बांकुड्यातल्या बेलियातोडचा हा मुलगा, जन्म १८८७. आर्ट स्कूलमध्ये इंग्रजी पद्धतीची तैलचित्रं शिकला, त्यात नाव काढलं आणि मग ते सगळं बाजूला ठेवून आधी कालीघाटकडे, तिथूनही मागे गावच्या पटाकडे गेला. घरीच केलेले मातीचे, खनिजांचे रंग, चिंचोक्याची खळ. चित्रं मुद्दाम स्वस्त ठेवली, मध्यमवर्गीयांनी भिंतीवर लावावीत म्हणून. आज ती राष्ट्रीय ठेवा आहेत, देशाबाहेर नेता येत नाहीत. घराबाहेर उभं राहून फार काही कळत नाही, हेही नमूद करते. पाऊस भुरभुरला, आम्ही परतलो.

शुक्रवार, नया

पहाटे हावड्याहून मेदिनीपूर लोकल. सव्वादोन तासांत बालिचक. वाटेत झालमुरी, चहा, खिडकीतून भाताची कापलेली खाचरं आणि प्रत्येक घरामागे पुकुर, म्हणजे तळं. बालिचकहून मुंडुमारीच्या दिशेने टोटोत बसलो. टोटो म्हणजे विजेवर चालणारी रिक्षा. डिसेंबरची थंडी आणि उघडी गाडी, ताईने शालीतून फक्त नाक बाहेर ठेवलं होतं.

नया हे पिंगला ब्लॉकमधलं लहानसं गाव. गावात शिरताच भिंती बोलायला लागतात. मासे, वाघ, नागाच्या फण्याखाली मनसा, आंब्याच्या झाडाखाली साहेब. घराघरावर एकच आडनाव, चित्रकार. ओसरीवर दोऱ्यांना पट वाळत टाकलेले आणि पोरं त्यांच्याखालून वाकून पळणारी.

आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्या बाई चाळिशीच्या. सगळं गाव त्यांना दीदी म्हणतं, आम्हीही तेच म्हटलं. चहा झाल्यावर त्यांनी थेट रंग दाखवायला घेतले. नारळाच्या करवंट्यांत प्रत्येक रंग वेगळा. वालाच्या पानांचा हिरवा. हळदीचा पिवळा. शेंदरीच्या बियांचा लाल. अपराजितेचा निळा, म्हणजे आपल्या कुंपणावरची गोकर्ण. मायाळूच्या पिकल्या फळांचा जांभळा. दिव्याच्या काजळीचा काळा. पांढऱ्यासाठी एक खास माती. सागाची कोवळी पानं चुरगळून त्यांनी तळहात दाखवला, लालभडक. हा खेळ कोकणातल्या प्रत्येक पोराने खेळलेला असतो, त्यातून चित्र काढावं हे मात्र आम्हाला सुचलं नाही. रंगात मिसळायला बेलाच्या गराचा चिकट रस, म्हणजे रंग धरून राहतो आणि कीडही लांब राहते.

कागदावर कागद जोडून लांब पट्टी करायची, चित्र पूर्ण झालं की मागून जुन्या साडीचं कापड चिकटवायचं. गुंडाळून-उलगडून कागद फाटू नये म्हणून. दीदींच्या एका पटाची पाठ पाहिली तर फिकट निळी फुलं. त्यांच्या सासूची साडी म्हणे.

‘‘आधी गाणं की आधी चित्र?’’ मी विचारलं.

दीदींनी माझी जरा कीवच केली. ‘‘गाणं नसेल तर काढू काय?’’

मग त्यांनी माशांच्या लग्नाचा पट उलगडला. इथला सर्वांत लाडका पट हाच. नवरदेव-नवरीसकट सगळं वऱ्हाड माशांचं, कुणी ढोल वाजवतोय, कुणी हळद लावतोय, कुणी रुखवत वाहतोय. प्रत्येक माशाचं नाव आणि काम गाण्यात गुंफलेलं. आमंत्रण न मिळालेला थोराड बोआल मासा शेवटच्या चौकटीत येतो आणि सगळ्या वऱ्हाडाला गिळायला निघतो. दीदींचा आवाज किंचित खरखरीत, नाकातून वर चढणारा. डाव्या हाताने वरचा भाग गुंडाळत, उजव्याने खालचा सोडत, तर्जनी माशावरून माशावर. त्या बोटाशिवाय तुम्हाला कळणारच नाही की आधी कुणाकडे बघायचं. चौकटीत चाळीस मासे आहेत आणि गाणं तुमची मान धरून एकेकाकडे वळवतं.

इथे माझा कालीघाटचा प्रश्न अर्धा सुटला. पटातली चित्रं गच्च भरलेली असतात, कडेला फुलांची किनार, मोकळी जागा जवळजवळ नाहीच. गाणारा बरोबर असेल तर चित्राला गर्दी परवडते. कालीघाटच्या कागदाबरोबर कुणी नव्हतं, म्हणून त्याने गर्दी हटवली आणि एकच बाई मधोमध उभी केली.

गाण्याच्या शेवटी त्यांनी आपलं नाव, गाव, जिल्हा गाऊन टाकला. याला भणिता म्हणतात, ‘तुका म्हणे’सारखीच नाममुद्रा. कालीघाटच्या चित्रांवर बहुतेक वेळा सही नसते. गाण्याबरोबर नावही गेलं होतं तर.

रात्री दीदींच्या काकांनी जुन्या गोष्टी काढल्या. इथले चित्रकार नमाज पढतात, निकाह लावतात, ईद साजरी करतात आणि दुर्गा, कृष्ण, मनसा यांची चित्रं काढून त्यांची गाणी गातात. पुष्कळांना दोन नावं, एक मुसलमानी आणि एक हिंदू. हे असं का, याची त्यांची कथा अशी: एका पूर्वजाने परवानगीविना महादेवाचं चित्र काढलं. महादेव येताना दिसले तेव्हा घाबरून कुंचला तोंडात लपवला. कुंचला उष्टा झाला. महादेवांनी शाप दिला, तुम्ही ना धड हिंदू राहाल, ना धड मुसलमान. काकांनी हे हसत सांगितलं. पण दोन्हीकडच्या कडव्यांनी या लोकांना कसं पिढ्यानपिढ्या ‘आमचे नव्हेत’ म्हणून दाराबाहेर ठेवलं, तेही त्यांनी त्याच आवाजात सांगितलं.

आणखी एक गोष्ट झोप उडवणारी. पश्चिमेकडे, संथाळांच्या मुलखात, जादूपटुआ असतात. एखाद्या घरी मृत्यू झाला की ते मेलेल्या माणसाचं चित्र घेऊन दारात येतात. चित्राला डोळे असतात, बुबुळं नसतात. बुबुळांशिवाय तो परलोकात चाचपडत फिरतोय, दक्षिणा द्या म्हणजे डोळे देतो. घरचे देतात, पटुआ दोन ठिपके टेकवतो. चक्षुदान. ताई म्हणाली, ‘‘वसुलीचा यापेक्षा पक्का मार्ग ऐकला नाही.’’ काका खो खो हसले.

शनिवार, नया

सकाळभर घराघरांतून हिंडलो. प्रत्येक अंगणात ‘‘आशुन, बोशुन’’ आणि मग पट उलगडणं. जुने विषय आहेतच: बेहुला-लखिंदर, सत्यपीर, चैतन्य, शेवटच्या चौकटीत पापी माणसाला कढईत तळणारा यम. पण त्यांच्या शेजारीच टायटॅनिक बुडतंय, न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळताहेत, २००४ची त्सुनामी राक्षसिणीसारखी जबडा पसरून येतेय. एड्स, हुंडा, झाडं तोडू नका. यातले कित्येक पट सरकारी खात्यांनी आणि संस्थांनी सांगून करवून घेतलेले, आणि खरं बोलायचं तर ते तसे दिसतातही. उपदेशाचं गाणं गाताना बोट फिरतं, डोळे फिरत नाहीत. त्सुनामीचा पट मात्र अंगावर येतो, कारण तो समुद्र मनसेच्या पटातून उचललेला आहे. जुन्या राक्षसाचं तोंड नव्या संकटाला लावायचं, ही यांची जुनी युक्ती.

२०२०च्या टाळेबंदीत इथल्या स्वर्णा चित्रकार यांनी कोरोनाचा पट काढला, गायला, आणि त्याचा व्हिडिओ फोनवरून देशभर फिरला. ज्या वर्षी कुणी कुणाच्या दारात जाऊ शकत नव्हतं त्या वर्षी गाण्यासकट पट घराघरांत पोचला. मी त्या व्हिडिओकडे आधी बातमी म्हणून पाहिलं होतं. इथे बसून वाटलं की कालीघाटच्या बाजाराने जे गाणं सोडवून टाकलं ते या फोनने पुन्हा चित्राला बांधलं.

स्वर्णा चित्रकारांसारख्या बायका आज या गावाचं तोंड आहेत. पूर्वी पट घेऊन दारोदार हिंडायचे ते पुरुष, बायका घरी रंग वाटायच्या. दुखुश्याम चित्रकार या बुजुर्गांनी बायकांनाही चित्रं आणि गाणी शिकवली, याचं श्रेय सारं गाव त्यांना देतं. २०१० पासून इथे दर हिवाळ्यात ‘पटमाया’ नावाची जत्रा भरते, २०१८ मध्ये बंगालच्या पटचित्राला भौगोलिक निर्देशांक मिळाला. भात-डाळीच्या बदल्यात गाणारा पटुआ आता ऑनलाइन ऑर्डर घेतो.

कालीघाटची शैलीही इथे परत आली आहे. गावातले अनवर चित्रकार आजच्या बाबू-बीबींना त्या रेषेत बसवतात, हुक्क्याच्या जागी मोबाइल. शहरात मेलेली रेषा खेड्यात उगवली, जिथून तिचे पूर्वज निघाले होते तिथेच.

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला माल मांडलेला: किटल्या, छत्र्या, टी-शर्ट, कंदील, ट्रे. किटलीवर मासा. पर्यटक येतात, किटली उचलतात, पैसे देतात, जातात. दीदींच्या मुलीने दुपारभरात चार विकल्या. गाणं कुणीही मागितलं नाही. किटलीला नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही, मुलीच्या कॉलेजची फी त्या किटल्यांतून निघते. पण कालीघाटला जे घडलं त्याची सुरुवातही अशीच झाली असणार: घाईतलं गिऱ्हाईक, एक चौकट, नेता येईल अशी वस्तू. मुलीला मी विचारलं, गाणी येतात का? ‘‘पाच-सहा येतात,’’ ती म्हणाली. दीदींना किती येतात ते तिने बोटांवर मोजायला घेतलं आणि सोडून दिलं.

रविवार, नया ते बालिचक

निघण्याआधी माशांच्या लग्नाचा पट घेतला, दीड हजारांना. ताईने भाव करायला तोंड उघडलं, पण पटाच्या पाठीवरची साडी पाहून मिटलं.

मग मी धीर करून म्हटलं, ‘‘दीदी, आमच्याकडच्या देवाचा पट काढाल?’’

त्यांनी वही पुढे ओढली. देव कोणता? विठोबा. रंग? काळा. वाहन? नाही. हत्यार? नाही. काय करतो? उभा आहे. कधीपासून? अठ्ठावीस युगं. दीदींनी पेन्सिल खाली ठेवली. ‘‘यात गायचं काय?’’

ताईने सूत्रं हातात घेतली. पुंडलिक, आईबापांची सेवा, फेकलेली वीट, सगळं बंगालीत रंगवून सांगितलं. दीदी ऐकत होत्या, पण चेहरा त्या हुंडाबंदीच्या पटासारखा. मग ताईला सुचलं. ती म्हणाली, ‘‘अहो, पण देव तिथे मुळात आला कशासाठी? बायको रुसून निघून गेली होती. राधेला मांडीवर बसलेली पाहिली आणि रुक्मिणी तडक दिंडीरवनात.’’

‘‘हे आधी सांगायचं ना!’’ दीदी खुलल्या. राधा कुठे बसली होती, रुक्मिणी काही बोलली की न बोलताच गेली, देव मागोमाग एकटा गेला की गाई-गोपाळ घेऊन, असे प्रश्नांवर प्रश्न. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं की पट रुसण्यापासून सुरू होईल, दोन चौकटी भांडणाला, तीन जंगलाला, आणि पुंडलिकाला शेवटची एक पुरे. मी म्हटलं, आमच्याकडे पुंडलिकाला एवढ्यात कुणी उरकत नाही, लोक रागावतील. दीदी म्हणाल्या, तुमच्या लोकांना कथा माहीत आहे, इथल्यांना नाही, आणि गाणं मला इथेही गाता आलं पाहिजे.

आगाऊ हजार रुपये दिले. पट आषाढीच्या आधी कुरियरने येईल. गाण्यासाठी विठोबाची आणखी माहिती ताईने फोनवर द्यायची, दर रविवारी, दुपारी जेवणं झाल्यावर. बालिचकच्या फलाटावर लोकलची वाट बघताना तिने मला पहिला प्रश्न टाकला: रुक्मिणी रुसून गेली तेव्हा तिच्या अंगावर साडी कुठल्या रंगाची होती? दीदींनी विचारलंय.